काचेआडचे काम

गेल्या पावसाळ्यातले माझे दोन महिने एक इंच लांब आणि अर्ध्या इंचाहूनही अरुंद अशा एका जागेत गेले. ही जागा म्हणजे ‘सी हॉक’ नावाच्या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीतील वैमानिकाची बैठक. तिला कॉकपिट म्हणतात, आणि त्या शब्दाला आपण अजून सोयीचा पर्याय घडवलेला नाही. म्हणून मीही तोच वापरतो. प्रतिकृतीचे प्रमाण एकास बाहात्तर. मूळ विमान सुमारे १२ मीटर लांब, तर माझे जेमतेम १७ सेंटिमीटर. सहा फुटी माणूस या प्रमाणात उतरवला तर तो करंगळीच्या पेराएवढा होतो, आणि त्याच्या गुडघ्यांसमोरच्या फळीवरील एकेक तबकडी मोहरीच्या दाण्याएवढी भरते.

अशा प्रतिकृती प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या रूपाने डब्यात मिळतात. विमानाचे धड उभे चिरल्याप्रमाणे दोन अर्धुकांत असते, आणि ती दोन अर्धुके जोडण्यापूर्वी कॉकपिट पुरे करून आत बसवावे लागते. घराच्या भिंती उभारण्याआधीच देवघर सजवून घ्यावे, तसा हा उलटा क्रम आहे. पुढे धड जोडले जाते, पंख लागतात, रंग चढतो आणि सर्वांत शेवटी कॉकपिटावर पारदर्शक छत बसते. ते एकदा बसले की आतल्या कामापैकी काळोखाखेरीज फारसे काही दृष्टीस पडत नाही.

‘जे दिसणारच नाही ते इतके रंगवायचे कशाला?’ हा प्रश्न मला माझ्या घरातल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी विचारलेला आहे. त्यावर माझे उत्तर तयार असे. आमच्या गावच्या चित्रशाळेतला मूर्तिकार गणपतीच्या पाठीवरही तितक्याच निगुतीने रंग देतो; मखरात बसलेल्या देवाची पाठ कोण पाहतो? लोकांना दिसले नाही तरी करणाऱ्याला ठाऊक असते, असे मी म्हणत असे, आणि हे म्हणताना मला स्वतःविषयी बरे वाटत असे. ते उत्तर खोटे नव्हते. पण ते किती तोकडे होते हे मला माझ्या मामांनी दाखवले. आणि तेही डोळ्यांनी धड काही दिसत नसताना.

माझे मामा वास्कोचे. १९६१ सालच्या १८ डिसेंबरला सकाळी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. त्या आवाजाने घरातली भांडी मांडणीवरून खाली आली, असे आजी सांगे. पुढे चार वर्षांनी हाच मुलगा नौदलात भरती झाला, कोचीला विमानदुरुस्तीचे शिक्षण घेऊन आला, आणि ज्या धावपट्टीवरचे स्फोट त्याने ऐकले होते तिच्याच कडेला हातात पाना घेऊन उभा राहिला. नौदलाचा ‘हंस’ हा हवाई तळ १९६४ साली दाबोळीला आला होता, आणि ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरची सी हॉक विमाने जहाज सोडून किनाऱ्यावर आली की तिथेच मुक्कामाला असत.

सी हॉक हे ब्रिटिश बनावटीचे, एका इंजिनाचे आणि एकाच माणसाचे विमान. त्याच्या मूळ नमुन्याने १९४७ साली पहिले उड्डाण केले. आपल्या नौदलात ते १९६० साली आले आणि १९८३ च्या अखेरीस सी हॅरियर येऊ लागेपर्यंत टिकले. मामा त्याच्या सांगाड्याची देखभाल करणाऱ्यांपैकी एक होते. विमानात जागा एकच असल्यामुळे त्यातून उडण्याचा योग त्यांना कधी आला नाही. पण त्या एका जागेत त्यांनी जितका वेळ काढला तितका कुठल्याही वैमानिकाने काढला नसेल. कधी शिडीवरून आत वाकून, कधी डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत, तोंडात विजेरी धरून.

त्यांच्यासाठी सी हॉक करावे हे माझ्या मनात पुष्कळ दिवस होते. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. तिथल्या आवारात उभे असलेले सी हॉक पाहायला आम्ही दोघे गेलो होतो. मामांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग आता झिजला आहे. ज्या वस्तूकडे ते पाहतात तीच नेमकी नाहीशी होते. तिच्या आजूबाजूचे तेवढे दिसते. विमानासमोर उभे राहून ते आभाळाकडे मान वळवत होते, ते पाहून मला क्षणभर चमत्कारिक वाटले. मग लक्षात आले की विमान डोळ्यांच्या कडेत धरावे म्हणून ही धडपड चालली आहे. ‘आतले दिसत नाही रे,’ एवढेच ते म्हणाले. आतले मलाही दिसत नव्हते; छत बंद होते आणि काच उन्हापावसाने धुरकटली होती. त्याच रात्री मी डबा उघडला.

कॉकपिट रंगवणे हे मुख्यत्वेकरून काळ्या रंगाशी झगडणे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांत आतला रंग करडा-हिरवा असे. युद्धानंतरच्या जेट विमानांत तो काळा झाला. वैमानिकाच्या डोळ्यांना आतली चकाकी टोचू नये आणि तबकड्यांवरचे पांढरे आकडे उठून दिसावेत, हा त्यातला हेतू. खऱ्या विमानात तो योग्यच आहे. पण एक इंचाच्या जागेत खरा काळा रंग लावला की सारे आकार बुडून जातात. आसन, बाजूच्या पेट्या, कळांच्या रांगा या सर्वांचा मिळून एक डांबराचा गोळा होतो. म्हणून अनुभवी माणूस काळ्याच्या जागी गडद करडा रंग लावतो, आणि खरा काळा पातळ करून फक्त खाचाखोचांत सोडतो. तो आपल्याआप फटींतून धावत जातो. मग कुंचल्यावर फिकट करडा रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकायचा, आणि तो कोरडा कुंचला कडांवरून नुसता हुलकावणी दिल्यासारखा फिरवायचा. उंचवट्यांना तेवढा रंगाचा स्पर्श होतो, आणि काळोखातून एकेक वस्तू वर येऊ लागते.

हे करताना मला नेहमी गाभारा आठवतो. बाहेरच्या उन्हातून आत गेले की प्रथम काहीच दिसत नाही. मग समईच्या उजेडात काळ्या पाषाणाच्या मूर्तीचे कपाळ, नाकाची दांडी, हाताच्या बोटांची टोके उजळतात, आणि तेवढ्यावरून आपले मन उरलेली मूर्ती पुरी करते. समई उंचवट्यांवर जे करते तेच कोरड्या कुंचल्याला करावे लागते. फरक इतकाच की समईचा हात कधी थरथरत नाही.

तबकड्यांसाठी एक जुनी युक्ती आहे. फळी आधी पांढरी रंगवायची, ती वाळली की वर काळा थर द्यायचा, आणि मग सुईच्या टोकाने काळा थर हलकेच खरवडायचा. खालचा पांढरा रंग काट्याच्या रूपाने उघडा पडतो. वेगमापक, उंचीमापक, कृत्रिम क्षितिज अशा एकेका तबकडीला दोन-तीन ओरखडे पुरतात. चौथा ओरखडा घातला की बिघडते. शेवटी प्रत्येकीवर पारदर्शक व्हार्निशाचा एकेक थेंब ठेवला की तो काचेसारखा चमकतो. आसनाचे पट्टे मी चिकटपट्टीच्या एक मिलिमीटर रुंदीच्या फिती कापून केले. आसन साधे नव्हे. संकटकाळी वैमानिकाला घेऊन विमानाबाहेर उसळणारे. त्याच्या माथ्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक मूठ असे. ती दोन्ही हातांनी ओढली की तिच्यामागून निघणारा कापडी पडदा चेहऱ्यावर येई आणि आसन सुटे. ही तीन मिलिमीटरची मूठ रंगवायला मला चार संध्याकाळी लागल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण या छंदात एक मोह असतो. वस्तू वापरलेली दिसावी म्हणून लोक तिच्यावर मुद्दाम झीज रंगवतात. मीही पायाखालच्या फळीवर चिखलाचे तपकिरी ठसे उमटवले, कडांवर रंग उडून धातू उघडा पडल्याचे रुपेरी टवके काढले, पेट्यांवर धूळ बसवली. मग धड जोडले. सी हॉकला पुढे एक आणि मागे दोन चाके असल्यामुळे नाकात वजन घातले नाही तर प्रतिकृती शेपटीवर बसते. म्हणून मासळीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या चार गुळ्या आणून नाकाच्या पोकळीत चिकटवल्या. पारदर्शक छत मात्र पांढऱ्या गोंदाने बसवले. झटपट धरणाऱ्या गोंदाच्या वाफेने काचेवर धुके धरते, हे मी पूर्वी एकदा रडून शिकलो होतो.

श्रावणात, दामोदराच्या सप्ताहाच्या दिवसांत, मी ते विमान घेऊन वास्कोला गेलो. रस्त्यावर गर्दी होती आणि देवळाकडून अखंड भजनाचा टाळांचा आवाज येत होता. मामांनी खिडकीशी बसून विमान हातात घेतले. बोटांनी पंख चाचपले, शेपटीवरून अंगठा फिरवला, दोन्ही पंखांच्या मुळाशी असलेली हवा आत घेणारी तोंडे ओळखली. भिंगातून आणि विजेरीच्या उजेडात, मान वाकडी करून, ते बराच वेळ काचेतून आत पाहत राहिले.

‘हो कोयर कोणें घालो?’ त्यांनी विचारले. कोयर म्हणजे केर.

मी समजावू लागलो की तो केर नव्हे, वापराच्या खुणा आहेत. खरेपणासाठी मुद्दाम रंगवल्या आहेत. मामांनी ते ऐकून घेतले. मग त्यांनी जे केले ते मी कोणत्याही परीक्षकाला करताना पाहिलेले नाही. त्यांनी विमान कानाशी नेले आणि हळूच हलवले. एकदा, दोनदा. भजनाच्या त्या सगळ्या आवाजातही मला ते ऐकू आले. आत काहीतरी खुळखुळत होते.

‘भितर कितें तरी सुटलां,’ ते म्हणाले, आणि विमान त्यांनी माझ्या हातात परत दिले.

शिशाची एक गुळी सुटली होती, हे मला लगेच उमगले. मी हसून म्हटले, ‘असू दे मामा, ते थोडेच उडायचे आहे!’ ते हसले नाहीत. मामांचे बोलणे कोकणीतले होते. त्याचा आशय मी मराठीत देतो.

कॉकपिटातली सुटी वस्तू ही विमानाच्या शत्रूंपैकी एक. आसनाखालून आणि पायांखालून विमान वळवणारे दांडे नि तारा गेलेल्या असतात. एखादा स्क्रू तिथे पडला की जमिनीवर तो निरुपद्रवी असतो. पण विमान आभाळात उलटे झाले की तो उठतो, आणि परत खाली येताना कुठे जाऊन अडकेल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून आत जाताना हत्यारे मोजायची, बाहेर येताना मोजायची. काढलेले स्क्रू मोजायचे, बसवलेले मोजायचे. हिशेब जुळला नाही तर विमान उडायचे नाही. आणि धूळ, चिखल? वैमानिक आत बसण्याआधी फळी आपल्या हाताने पुसणे हे मामांचे काम होते. माझे तपकिरी ठसे पाहून त्यांना राग आला तो त्यामुळे. खरेपणाच्या नावाखाली मी त्यांच्या कामावर खोटा आळ घेतला होता.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती मामीनेही पूर्वी ऐकली नव्हती. दाबोळीला असताना एका रात्री त्यांच्या हिशेबात एक स्क्रू कमी आला. आसन काढले, फळ्या काढल्या, चौघांनी विजेऱ्या लावून पहाटेपर्यंत शोधले, सापडला नाही. सकाळी थोडा वेळ विश्रांती मिळाली म्हणून मामा खोलीवर आले आणि कपडे उतरवताना त्यांच्याच पाटलोणीच्या दुमडीतून तो स्क्रू जमिनीवर पडला.

‘कोणी पाहिले नव्हते,’ मामा म्हणाले. ‘विमानात तो नाही हे आता मला एकट्याला ठाऊक होते. एक क्षण वाटले, तसाच मुठीत घेऊन जावा आणि आत सापडला असे म्हणावे. तेही चालले असते. पण मग चौघे जण आयुष्यभर समजत राहिले असते की तो त्या फटीत जातो. पुढच्या वेळी त्यांनी त्या फटीत शोधले असते, आणि दुसरीकडे पाहिले नसते.’ ते गेले आणि खरे ते सांगितले. शिक्षा झाली, काय झाली ते त्यांनी सांगितले नाही. दुपारी ते विमान उडाले. मामांनी नेहमीप्रमाणे शिडीवरून वैमानिकाचे खांद्यांवरचे पट्टे आवळले, आसनाच्या सुरक्षेच्या पिना काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरल्या, त्याने त्या पाहून मान हलवली. ‘त्याने मला काही विचारले नाही. तो फक्त बसला.’

तो फक्त बसला. हे वाक्य मी परतीच्या वाटेवर मनात घोळवीत आलो. गणपतीच्या पाठीचा माझा दाखला मला आठवला. न दिसणारे काम मी करीत होतो, पण स्वतःसाठी. माझ्या हाताचे कौशल्य मलाच ठाऊक असल्याच्या समाधानासाठी. मामांचे न दिसणारे काम दुसऱ्या कोणाच्या तरी निर्धास्तपणे बसण्यासाठी होते. काम तेच, अंधार तोच. पण माझ्या कॉकपिटात कोणी बसणारच नव्हते, आणि म्हणून चार ओरखडे खरे नि गुळी सुटी, हे मला चालून गेले होते.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी विचारली होती. ती इथे टाळणे बरे नव्हे. सी हॉकच्या त्या आसनाच्या खालीच, नाकाच्या पोटात, २० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. १९७१ च्या डिसेंबरात मामा विक्रांतवर होते. त्या महिन्याच्या ४ तारखेला जहाजावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला चढवला. विमाने गेली की डेकवरच्या माणसांना करण्यासारखे काही उरत नसे. परत येणारी विमाने मोजणे एवढेच. ती मोजून झाली की पुढच्या फेरीची तयारी. मी विचारले, ‘आणि ज्यांच्यावर त्या तोफा चालल्या, त्यांचे?’

मामा बराच वेळ गप्प होते. मामीने आत जाऊन देवापुढची वात सारली. मग ते म्हणाले, ‘त्याचाही हिशेब असतो. तो मला शिडीवरून दिसत नव्हता, म्हणून तो नव्हता असे मी म्हणणार नाही.’ यापुढे ते बोलले नाहीत, आणि मीही ताणले नाही. युद्ध न्याय्य होते असे मी मानतो, मामाही मानतात. तरी तो प्रश्न जिथे ठेवला तिथेच राहिला आहे. माझ्या कपाटात विमाने उभी आहेत, त्यांच्यामध्ये तोही उभा आहे.

घरी येऊन मी विमान उघडायला घेतले. जोडलेले प्लॅस्टिक एकजीव झालेले असते. बारीक करवतीने सांधा कापावा लागला. छत सुटले, पण धड उघडताना तबकड्यांची फळी मधोमध मोडली आणि चार संध्याकाळींची ती पिवळी-काळी मूठ उडून कुठेतरी गेली. ती मी शोधली. पूर्वी असतो तर दुसरी केली असती. या वेळी फरशीवर पालथा पडून, विजेरी आडवी धरून शोधली. उजेड जमिनीलगत आडवा टाकला की बारीकशा कणाचीही लांब सावली पडते, ही मामांचीच शिकवण. मूठ टेबलाच्या पायाशी सापडली. शिशाची गुळीही मिळाली. चारही गुळ्या पक्क्या बसवल्या, फळी नव्याने केली, आणि चिखलाचे ठसे, धूळ, रुपेरी टवके सारे घासून पुन्हा स्वच्छ करडा रंग दिला. नवे कॉकपिट पहिल्याहून साधे झाले. जाणकारांच्या मेळाव्यात ते मांडले तर कदाचित कोणी म्हणेल, यात जीव नाही. वापरल्यासारखे वाटत नाही.

खंडेनवमीला मामांकडे पाटावर हत्यारांची पूजा असते. त्यांचा जुना स्क्रूड्रायव्हर, दोन पाने आणि मूठ गुळगुळीत झालेला चिमटा मामीने धुऊन पुसून मांडला होता. मी माझा तीन शून्यांचा कुंचला त्यांच्या शेजारी ठेवला आणि विमान मामांच्या हातात दिले. त्यांनी या वेळी भिंग मागितले नाही. आत पाहण्याचा प्रयत्नही केला नाही. विमान कानाशी नेऊन त्यांनी हलवले. थांबून पुन्हा हलवले, थोडे उलटे करून.

मग एक शब्दही न बोलता त्यांनी ते पाटावर ठेवले, हत्यारांच्या रांगेत, नाक देवाकडे करून. आणि मामीला म्हणाले, ‘हळद-कुंकू घाल.’